कीर्द उघडी, खतावणी परक्यांच्या हाती

एखाद्या असत्याला गणिताचा अंगरखा चढवला की भलाभला सुशिक्षित माणूसही त्यापुढे मान तुकवतो. बिटकॉइन आणि त्याच्या भावंडांविषयी गेली दीड दशके जो प्रचार चालू आहे, तो याचा उत्तम नमुना म्हणावा लागेल. हा प्रचार तीन आश्वासनांवर उभा आहे. पहिले, या चलनाचा व्यवहार करणारा कोण हे कोणालाही कळत नाही. दुसरे, येथे बडा-छोटा असा भेद नाही. सर्व सहभागी समान आहेत. तिसरे, येथे ना बँक लागते, ना सरकार, ना कोणा मध्यस्थावरचा विश्वास. महानगरांतील परिसंवादांपासून तालुक्याच्या गावातील मंगल कार्यालयात भरणाऱ्या 'गुंतवणूक मार्गदर्शन' मेळाव्यांपर्यंत ही तीन वाक्ये मंत्रासारखी घोकली जातात आणि निवृत्त शिक्षकाच्या भविष्य निर्वाह निधीपासून तरुण अभियंत्याच्या पहिल्या पगारापर्यंत सर्व काही त्या मंत्रावर ओवाळून टाकले जाते.

ही तिन्ही आश्वासने खोटी आहेत. आणि गंमत अशी की, ती खोटी ठरवण्यासाठी कोणा टीकाकाराच्या मताची गरज नाही. या चलनाची स्वतःची वहीच त्यांच्या विरोधात साक्ष देते. प्रश्न एवढाच, की ती वही वाचायची कशी आणि ती वाचण्याचे सामर्थ्य कोणाच्या हाती असायचे. दुर्दैवाने या दुसऱ्या प्रश्नाकडे आपल्या देशात फारसे कोणी गांभीर्याने पाहत नाही.

कीर्द आणि खतावणी

जुन्या पेढीवर दोन वह्या असत. रोजच्या व्यवहाराची, घडेल त्या क्रमाने केलेली नोंद म्हणजे कीर्द. त्याच नोंदी व्यक्तीनिहाय वेगळ्या काढून प्रत्येकाचे खाते मांडले की झाली खतावणी. कीर्द पाहून दिवसभरात काय घडले ते कळते. कोण किती पाण्यात आहे हे मात्र खतावणीच सांगते. मुरलेला मुनीम खतावणीची चार पाने चाळून कोण बुडणार आणि कोण बुडवणार याचा अंदाज बांधत असे.

'सातोशी नाकामोतो' या टोपणनावाने ३१ ऑक्टोबर २००८ रोजी नऊ पानांचा एक मसुदा प्रसिद्ध झाला आणि ३ जानेवारी २००९ पासून बिटकॉइनची कीर्द लिहिली जाऊ लागली. या कीर्दीचे वैशिष्ट्य असे, की ती जगातील कोणालाही उतरवून घेता येते आणि तिच्यात एकदा झालेली नोंद पुसता येत नाही. अमुक पत्त्यावरून तमुक पत्त्यावर इतकी रक्कम गेली, अशी प्रत्येक नोंद तेथे कायमची आहे. पत्ता म्हणजे अक्षरे आणि अंक यांची लांबलचक माळ. माणसाचे नाव तेथे नाही. एका माणसाने हवे तितके पत्ते निर्माण करावेत, अशी मुभा मात्र आहे. नाव नाही म्हणजे ओळखही नाही, असा सोपा निष्कर्ष प्रचारकांनी काढला आणि श्रोत्यांनी तो मुकाट्याने मान्य केला.

परंतु कीर्द उघडी असेल, तर खतावणी मांडण्यापासून कोणाला कसे रोखणार? २०११ मध्ये आयर्लंडमधील युनिव्हर्सिटी कॉलेज डब्लिनच्या फर्गल रीड आणि मार्टिन हॅरिगन या संशोधकांनी नेमके हेच केले. त्यांनी सर्व नोंदींचे एक जाळे मांडले. त्यातून, एकाच व्यक्तीचे असावेत असे पत्ते एकत्र बांधून, व्यक्ती-व्यक्तींमधील व्यवहारांचे दुसरे जाळे काढले आणि त्याच वर्षी चोरीला गेल्याचे सांगितल्या जाणाऱ्या २५,००० बिटकॉइनचा माग काढून दाखवला. दोन वर्षांनी अमेरिकेतील सारा मायकेलजॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तंत्र आणखी धारदार केले.

या तंत्राचे मूळ नियम सामान्य गृहिणीलाही सहज समजावेत असे आहेत. दुकानात पैसे देताना कोणी सदऱ्याच्या तीन खिशांतून नोटा काढून एकत्र दिल्या, तर तिन्ही खिसे एकाच सदऱ्याचे आहेत हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. बिटकॉइनच्या एका व्यवहारात अनेक पत्त्यांवरील रक्कम एकत्र खर्च होते, तेव्हा ते पत्ते एकाच धन्याचे असावेत, हा पहिला नियम. ही फट राहणार याची कबुली नाकामोतोच्या मूळ मसुद्यातच आहे, हे प्रचारक कधी सांगत नाहीत. दुसरा नियम मोडीचा. पाचशेची नोट देऊन तीनशे वीस रुपयांचे सामान घेतले की एकशे ऐंशी रुपये परत येतात. बिटकॉइनमध्येही उरलेली रक्कम देणाऱ्याकडेच, बहुधा एका कोऱ्या पत्त्यावर, परत येते. तो कोरा पत्ता ओळखला की पुढचा धागा हाती लागतो. तिसरी पायरी नाव चिकटवण्याची. मायकेलजॉन यांच्या चमूने स्वतः ३४४ छोटे-मोठे व्यवहार करून कोणते पत्ते कोणत्या सेवेचे हे टिपून घेतले. शितावरून भाताची परीक्षा व्हावी, तसे एका पत्त्याचे नाव कळताच त्याच्याशी बांधलेल्या शेकडो-हजारो पत्त्यांची ओळख पटली.

गुप्ततेचा फुगा

यानंतरचा इतिहास म्हणजे फुटलेल्या फुग्यांची यादी आहे. अमली पदार्थांचा 'सिल्क रोड' नावाचा बाजार ऑक्टोबर २०१३ मध्ये बंद पाडण्यात आला. त्या तपासात असलेल्या दोन अमेरिकी अधिकाऱ्यांनीच बिटकॉइनवर हात मारला होता. कीर्दीने त्यांनाही सोडले नाही. २०१५ मध्ये दोघांना तुरुंगवासाची शिक्षा झाली. त्याच बाजारातून २०१२ मध्ये बिटकॉइन लांबवणारा एक चोर नऊ वर्षे निर्धास्त होता. नोव्हेंबर २०२१ मध्ये जॉर्जिया राज्यातील त्याच्या घरावर छापा पडला, तेव्हा ५०,६७६ बिटकॉइन जप्त झाले. त्यांचा काही भाग न्हाणीघरातील कपाटात, लाह्यांच्या डब्यात दडवलेल्या एका छोट्या संगणकावर होता. लहान मुलांच्या लैंगिक शोषणाच्या चित्रफिती विकणारे दक्षिण कोरियातील एक संकेतस्थळ याच मागावरून उघडकीस आले. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये जाहीर झालेल्या त्या कारवाईत जगभरात ३३७ जणांना अटक झाली आणि किमान २३ बालकांची सुटका झाली.

भारतीय वाचकाने विशेष लक्ष द्यावे असे उदाहरण दहशतवादाचे आहे. हमासच्या अल-कासम ब्रिगेड्सने २०१९ मध्ये बिटकॉइनमध्ये देणग्या मागितल्या आणि या देणग्यांचा माग लागणार नाही अशी फुशारकी मारली. ऑगस्ट २०२० मध्ये अमेरिकी न्याय खात्याने अल-कासम, अल-कायदा आणि इसिस यांच्याशी संबंधित तीनशेहून अधिक आभासी चलन खात्यांवर कारवाई केल्याचे जाहीर केले. हे प्रकरण दूरदेशीचे म्हणून सोडून देता येत नाही. दिल्लीतील एका व्यापाऱ्याच्या चोरीस गेलेल्या आभासी चलनाचा काही भाग अल-कासमच्या खात्यांपर्यंत पोहोचल्याचे जानेवारी २०२२ मध्ये दिल्ली पोलिसांनी सांगितले. दिल्लीच्या एका घरातून निघालेला पैसा असा गाझापर्यंत जातो! अखेर एप्रिल २०२३ मध्ये अल-कासमने देणगीदारांच्या सुरक्षिततेचे कारण देत बिटकॉइनमधील देणग्या घेणे थांबवल्याचे जाहीर केले. आपल्या मध्यमवर्गाला मात्र अजूनही कोणी 'गुप्त चलन' म्हणून तेच विकतो आहे.

समतेचा आव

दुसरे आश्वासन समतेचे. जाळ्याचा आकारच या आश्वासनाचा निकाल लावतो. २०१४ मध्ये हंगेरीतील दानियल कोंडोर आणि सहकाऱ्यांनी बिटकॉइनच्या व्यवहारांचे जाळे वर्षानुवर्षे कसे वाढत गेले ते तपासले. नवा येणारा धागा आधीच पुष्कळ धागे असलेल्या गाठीलाच येऊन मिळतो आणि ज्याच्याकडे आहे त्याच्याकडेच आणखी जमते, असे त्यात दिसून आले. ज्यांचे नाव संगणकीय गूढलेखनाच्या क्षेत्रात आदराने घेतले जाते, त्या इस्रायलच्या आदी शमीर यांनी दोरित रॉन यांच्यासमवेत मे २०१२ पर्यंतची संपूर्ण कीर्द तपासली, तेव्हा बहुसंख्य नाणी कोठेही खर्च न होता पडून असल्याचे आढळले. चलनाने चालावे, जे चालतच नाही, त्याला चलन कसे म्हणायचे?

पुढे २०२१ मध्ये इगोर मकारोव आणि आंत्वानेत शोआर या अर्थशास्त्रज्ञांनी अधिक बारकाईने खतावणी मांडली. २०२० च्या अखेरीस सुमारे १०,००० गुंतवणूकदारांच्या हाती जवळपास ५० लाख बिटकॉइन एकवटले होते. एकूण बिटकॉइन कधीही २ कोटी १० लाखांपेक्षा जास्त होणार नाहीत, हे ध्यानात घेतले की या आकड्याचा अर्थ उमगतो. नवी नाणी पाडण्याच्या क्षमतेपैकी ९० टक्के क्षमता वरच्या १० टक्के उत्पादकांकडे, आणि जवळपास निम्मी क्षमता अवघ्या पन्नासेक उत्पादकांकडे होती. राजा नाही म्हणून प्रजासत्ताक, असा ज्यांचा दावा होता, त्यांच्या दरबारात पन्नास सरदार बसलेले निघाले. त्यांना कोणी निवडून दिलेले नाही आणि त्यांना कोणी जाब विचारू शकत नाही.

मध्यस्थ गेला कोठे?

तिसरे आश्वासन मध्यस्थमुक्तीचे. व्यवहारांचे जाळे कागदावर रेखाटले तर त्यात काही प्रचंड गाठी उठून दिसतात. त्या गाठी म्हणजे रुपये-डॉलर घेऊन आभासी चलन देणारी विनिमय केंद्रे. सामान्य माणूस बिटकॉइन स्वतः निर्माण करत नाही. तो या केंद्रांवर जाऊन विकत घेतो आणि तेथेच ठेवतो. म्हणजे मध्यस्थ गेला नाही. ठेवींच्या विम्याचे संरक्षण असलेला, रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखालचा मध्यस्थ गेला आणि त्याच्या जागी बेभरवशाचा आला. टोकियोतील माउंट गॉक्स हे त्या काळातील सर्वात मोठे केंद्र २०१४ च्या फेब्रुवारीत कोसळले, तेव्हा साडेआठ लाख बिटकॉइनचा हिशेब लागत नव्हता.

महाराष्ट्राला हा धडा दोनदा मिळाला आहे. 'गेन बिटकॉइन' योजनेत अठरा महिने दरमहा दहा टक्के परताव्याचे आमिष दाखवण्यात आले. पुणे पोलिसांनी २०१८ मध्ये सूत्रधाराला पकडले. तेथे गणित हरले नव्हते. गणिताच्या नावाखाली जुनीच साखळी योजना चालली होती. कहर म्हणजे, या तपासात पोलिसांना साहाय्य करण्यासाठी घेतलेल्या दोन तंत्रज्ञांनीच जप्तीतील आभासी चलन लाटल्याचा आरोप ठेवून पुणे पोलिसांनी २०२२ च्या मार्चमध्ये त्यांना अटक केली. न्यायालयात त्या आरोपाचे काय व्हायचे ते होईल. पण जी वही पोलिसांना स्वतः वाचता येत नाही, ती दुसऱ्याकडून वाचून घेताना कोणता धोका संभवतो, हे त्या प्रसंगाने दाखवून दिले.

दुसरा धडा मुंबईतील वझीरएक्स या केंद्राचा. १८ जुलै २०२४ रोजी तेथून सुमारे २३ कोटी डॉलर, म्हणजे जवळपास २,००० कोटी रुपयांचे आभासी चलन पळवले गेले. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरिया यांनी संयुक्त निवेदनाद्वारे या चोरीचे खापर उत्तर कोरियावर फोडले. पैसा भारतीय कुटुंबांचा, केंद्र मुंबईचे, चोर प्योंगयांगचा, चोराचे नाव जाहीर करणारे वॉशिंग्टन, टोकियो व सोल, आणि परताव्याची योजना मंजूर करायला सिंगापूरचे न्यायालय! या साखळीत भारताचे स्थान केवळ लुटल्या गेलेल्याचे होते. स्वाभिमानी राष्ट्राला हे चित्र बोचले पाहिजे.

दोन पळवाटा

येथे दोन आक्षेप घेतले जातात. पहिला कठोरांचा : सरळ बंदी घाला आणि विषय संपवा. रिझर्व्ह बँकेने ६ एप्रिल २०१८ च्या परिपत्रकाने या व्यवहारांची बँकांशी असलेली नाळ तोडली होती. सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी ते परिपत्रक रद्द केले. पण न्यायालयीन बाजू क्षणभर सोडली, तरी बंदीने कीर्द पुसली जात नाही. भारतीय माणूस व्यवहार करतच राहतो. फक्त ज्या गाठीवर त्याची ओळख टिपली गेली असती, ती गाठ परदेशात जाते. शासनाने २०२२ मध्ये ३० टक्के कर लावला, ७ मार्च २०२३ रोजी या केंद्रांना काळा पैसा प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत आणले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात नऊ परदेशी केंद्रांना नोटिसा बजावल्या. ही दिशा बंदीपेक्षा शहाणपणाची आहे. दाराला कुलूप लावून खिडक्या उघड्या ठेवण्यापेक्षा दारावर पहारेकरी बसवणे केव्हाही बरे.

दुसरा आक्षेप उदारमतवाद्यांचा, आणि तो अधिक वजनदार आहे. नागरिकाच्या प्रत्येक व्यवहाराकडे शासनाने का पाहावे? खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये एकमताने मान्य केले आहे आणि तो जपलाच पाहिजे. परंतु आभासी चलन हा अधिकार जपत नाही. उलट, कायदा पाळणाऱ्याला ते उघडे पाडते. पॅन आणि आधार देऊन खाते उघडणाऱ्या माणसाचा पत्ता एकदा ओळखला गेला की त्याचे मागचे-पुढचे सर्व व्यवहार जगातील कोणालाही, कायमचे पाहता येतात. बँकेचा व्यवहार निदान शेजाऱ्याला दिसत नाही. चोर मात्र अनेकांची नाणी एकत्र घुसळून देणाऱ्या यंत्रणा वापरतो, किंवा मोनेरोसारख्या माग लपवणाऱ्या चलनात शिरतो. २०१७ च्या मे महिन्यात 'वॉनाक्राय' या खंडणीखोर विषाणूने जगभरचे संगणक वेठीस धरले; त्या खंडणीचे बिटकॉइन ऑगस्टमध्ये मोनेरोकडे वळवण्यात आले. सज्जन काचेच्या घरात आणि दुर्जन भुयारात, अशी ही व्यवस्था आहे.

वाचणारा कोण?

म्हणून खरा प्रश्न वाचणाऱ्याचा आहे. कीर्द सर्वांना खुली असली, तरी नावे चिकटवलेली खतावणी खुली नाही. ती लंडनमध्ये २०१३ साली स्थापन झालेल्या एलिप्टिक आणि न्यूयॉर्कमध्ये २०१४ साली स्थापन झालेल्या चेनॅलिसिस यांसारख्या खासगी कंपन्यांच्या तिजोरीत आहे. अनेक देशांच्या तपास यंत्रणा त्यांच्या निष्कर्षांवर विसंबतात. कोणता पत्ता कोणाचा हे त्यांनी सांगायचे आणि इतरांनी मानायचे. भारतीयांचे व्यवहार कोणाशी जुळतात हे परकी कंपनी आधी जाणणार आणि भारतीय पोलीस अधिकारी तिची वर्गणी भरून नंतर जाणणार, हे सार्वभौमत्वाच्या कोणत्या व्याख्येत बसते?

शिवाय ही खतावणी म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. ती अनुमानांची वही आहे. अनेक जणांनी ठरवून आपापली रक्कम एकाच व्यवहारात घातली, तर तीन खिसे तीन वेगळ्या सदऱ्यांचे असू शकतात. मोडीचा पत्ता ओळखण्यात चूक झाली, तर पुढची सारी साखळी निरपराध माणसाच्या दारात जाऊन थांबते. वॉशिंग्टनमधील 'बिटकॉइन फॉग' खटल्यात बचाव पक्षाने चेनॅलिसिसच्या साधनाच्या शास्त्रीय आधारालाच आव्हान दिले होते. न्यायालयाने तो पुरावा ग्राह्य धरला आणि मार्च २०२४ मध्ये आरोपी दोषी ठरला. पण निदान तेथे प्रश्न विचारला गेला, तज्ज्ञांची उलटतपासणी झाली. आपल्या जिल्हा न्यायालयात उद्या असा पुरावा येईल, तेव्हा सरकारी वकील, बचावाचा वकील आणि न्यायाधीश या तिघांपैकी कितीजण त्या जाळ्याकडे पाहून योग्य प्रश्न विचारू शकतील?

अंधारात चाचपडण्याचे आता कारण नाही. आयआयटी कानपूरमध्ये आभासी चलनाचा माग काढणारे 'हॉप' हे स्वदेशी साधन विकसित झाले आहे. बुद्धीची कमतरता या देशात कधीच नव्हती. कमतरता आहे ती ही बुद्धी पोलीस ठाण्यापर्यंत आणि न्यायालयापर्यंत नेणाऱ्या इच्छाशक्तीची. प्रत्येक राज्याच्या सायबर विभागात ही वही वाचणारे प्रशिक्षित अधिकारी हवेत. जप्त झालेले आभासी चलन एकट्या तंत्रज्ञाच्या हाती न राहता अनेकांच्या संमतीनेच हलवता येईल, अशी सक्तीची पद्धत हवी. न्यायालयात मांडले जाणारे प्रत्येक जाळे कोणत्या नियमाने बांधले आणि त्या नियमाची चूक किती, हे उघड सांगण्याचे बंधन हवे. आणि नागरिकाच्या खात्यात डोकावण्याआधी कायदेशीर अनुमतीचा उंबरठा ओलांडावा लागला पाहिजे. नाहीतर परक्यांच्या हातची खतावणी स्वकीयांच्या हातात येऊन तितकीच जाचक ठरेल.

तोवर घराघरातील कर्त्या माणसांनी एवढे तरी करावे. आभासी चलनाचा विक्रेता दारात येईल, तेव्हा त्याला तीन प्रश्न विचारावेत. हे गुप्त असेल, तर तीनशे सदतीस जण पकडले कसे गेले? येथे सारे समान असतील, तर दहा हजार जणांकडे पन्नास लाख नाणी कशी? आणि मध्यस्थ लागत नसेल, तर मग तुम्ही येथे कशासाठी आलात? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर तो देणार नाही. ते त्याच्या दलालीत लिहिलेले असते.